नव्या टाकीत उपाशी राहणारा कॅटफिश

मुंबईहून रात्रीच्या गाडीने रत्नागिरी किंवा मालवणला आणलेला कॅटफिश नव्या टाकीत सोडला, की तो बहुधा लाकडाच्या किंवा फिल्टरच्या आडोशाला जाऊन बसतो आणि काही दिवस अन्नाला तोंड लावत नाही. पाळणारा मग काळजीने दिवसातून तीन-चार वेळा खाद्य टाकत राहतो. माझ्या मते अशा माशाला उपासापेक्षा या न खाल्लेल्या खाद्याचाच धोका अधिक असतो, कारण ते तळाशी कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो आणि आधीच थकलेल्या माशाच्या कल्ल्यांना इजा होते.

हा मासा अन्न शोधताना डोळ्यांपेक्षा चवीवर आणि वासावर अधिक विसंबतो. त्याच्या मिशांवर, ओठांवर आणि अंगाच्या त्वचेवरही रुचिकलिका पसरलेल्या असतात, आणि या त्वचेवरच्या रुचिकलिका खरोखरच चव घेतात हे अमेरिकी शास्त्रज्ञ सी. जे. हेरिक यांनी 1903 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले होते. याहून थक्क करणारा शोध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. जपानच्या समुद्रातील एक कॅटफिश वाळूत दडलेल्या कृमीच्या श्वासोच्छ्वासामुळे पाण्याच्या सामूत (म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या pH या अंकात) पडणारा, 0.1 पेक्षाही कमी असा फरक मिशांनी ओळखतो आणि त्यावरून भक्ष्य गाठतो, असे जॉन कॅप्रिओ आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी सिद्ध केले. सर्वच जातींची जाणीव इतकी तीक्ष्ण असेल असे नाही. तरीही पाणी बदलणे ही या माशांच्या दृष्टीने किती मोठी घटना असते, हे त्यावरून लक्षात येते.

प्रवासाचा ताण वेगळाच. ताणामुळे रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि भूक मंदावते. शिवाय बंद पिशवीत माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू खाली येतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. सामू एका अंकाने वाढला तर विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाची पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी आणि उघडल्यावर फार वेळ न दवडता, पिशवीतले पाणी बाजूला काढून, मासा टाकीत सोडावा.

कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, जे कोरिडोरास किंवा अँसिस्ट्रससारख्या दक्षिण अमेरिकी माशांना मानवते. परंतु अशा पाण्यात आम्ल पेलण्याची क्षमता कमी असल्यामुळे घाण साचली की सामू झपाट्याने घसरतो. खाडीकाठच्या विहिरींत उन्हाळ्यात खारटपणा उतरतो, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्यामुळे पाणी थोडे थोडे, क्लोरीन घालवून आणि नेहमी एकाच ठिकाणचे बदलावे.

पहिल्या दिवशी खाद्य मुळीच देऊ नये. त्यानंतर टाकीचा दिवा मालवून, घरातली वर्दळ थांबल्यावर, अगदी थोडे आणि तळाशी बुडणारे अन्न टाकावे. कॅटफिशची वाताशय (शरीरातली हवेची पिशवी) आणि कान यांना जोडणारी हाडांची साखळी त्याला आवाजाबाबत फार संवेदनशील बनवते, म्हणून काचेला टेकून खडखडणारा पंपही दूर करावा. मांसाहारी जातींना ताज्या कोळंबीचा बारीक तुकडा, ताजा जवळा किंवा स्वच्छ धुतलेल्या गांडुळाचा तुकडा सहसा नाकारवत नाही, कारण कोळंबीच्या रसात मोकळी अमिनो आम्ले भरपूर असतात आणि कॅटफिशच्या रुचिकलिका त्यांतल्या कित्येकांना उत्तम प्रतिसाद देतात. खारवलेला जवळा मात्र टाळावा. सकाळी उरलेले अन्न न चुकता काढून टाकावे. कोरिडोराससारखे कळपाने राहणारे मासे एकटेदुकटे ठेवले तर लवकर रुळत नाहीत, त्यांना किमान सहा जणांची सोबत आणि तळाशी मऊ वाळू हवी.

प्रौढ, भरलेल्या अंगाचा कॅटफिश काही दिवसांचा उपास सहज सोसतो. आपल्याच बाजारात येणाऱ्या शिंगाळा या समुद्री कॅटफिशचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि त्या सबंध काळात, म्हणजे कित्येक आठवडे, जवळजवळ काहीच खात नाही. ही सवलत पिल्लांना आणि सतत शेवाळ खरवडणाऱ्या प्लेको या कॅटफिशला लागू करू नये. दुकानात बहुधा अर्धपोटीच राहिलेल्या प्लेकोला पहिल्याच रात्री उकडून मऊ केलेली दुधीची किंवा काकडीची चकती द्यावी, आणि त्याचे पोट आत गेले असेल किंवा डोळे खोल गेलेले दिसत असतील, तर वाट न पाहता त्याला वेगळ्या, शांत टाकीत हलवून अमोनियाची चाचणी करावी.