विषाणू फुटला, पण रक्ताचं काय?

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. तोंडाला रुमाल बांधून तपासणीच्या रांगेत ताटकळणारी माणसं अजून डोळ्यांपुढे येतात. स्वाइन फ्लूचा विषाणू फ्लूच्या ज्या एच१ गटातला, त्याच गटातल्या विषाणूंना फोडणारा एक रेणू २०१७ साली जगापुढे आला, आणि तो मिळाला होता एका बेडकाच्या कातडीवरच्या स्रावात.

हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा हा बेडूक पश्चिम घाटातला. पुण्याच्या अभ्यासकांनी केरळच्या सहकाऱ्यासोबत २०१५ मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. ओली कातडी म्हणजे जंतूंना आयतं घर, म्हणून बेडूक तिच्यावर पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, पाझरतो. तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांनी अशी ३२ पेप्टाइडं फ्लूच्या विषाणूवर तपासली. चार लागू पडली.

खरी परीक्षा त्यानंतरची. फ्लूचा विषाणू साबणानेही फुटतो, पण साबण औषध म्हणून देता येत नाही, कारण तो आपल्या पेशीही फोडतो. पेप्टाइडही तसंच करतं का, हे पाहण्यासाठी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात घेऊन त्यात पेप्टाइड मिसळतात आणि नळी यंत्रात गरगर फिरवतात. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल साका बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. फुटल्या असतील तर सगळं पाणीच लाल. चारांतली तीन पेप्टाइडं इथे बाद झाली.

उरलं ते २७ अमिनो आम्लांचं. त्याला नाव दिलं उरुमिन, केरळच्या उरुमी या लवचिक तलवारीवरून. विषाणूच्या अंगावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचं डोकं सतत बदलतं, म्हणून तर लसही बदलावी लागते. देठ मात्र फारसा बदलत नाही, आणि उरुमिन नेमकं तिथेच चिकटतं. नाकातून उरुमिन दिलेले सुमारे ७० टक्के उंदीर जीवघेण्या संसर्गातून वाचले; न दिलेल्यांपैकी २० टक्के.

हे उंदरांमधलं यश आहे, तेही एच१ पुरतं; एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या प्रकाराला उरुमिन रोखत नाही. शिवाय शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम, अशा साखळ्या भराभर कापून टाकतात. त्यावर एक उपाय म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी अमिनो आम्लं वापरून साखळी विणायची, म्हणजे ती विकरांच्या कात्रीत सापडत नाही. मात्र बदललेली साखळी विषाणूला चिकटते का, हे पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं. तांबड्या पेशींची ती नळीही पुन्हा फिरवावी लागते.