मद्यमुक्ती आधारगट, सोलापूर

दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी एकत्र बसून एकमेकांना सावरण्याची पद्धत. तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या संघटनेच्या मीटिंगा. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली. भारतात ती १९५७ मध्ये आली.

सोलापूरच्या सार्वजनिक आठवणीत दारूविरोध स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेला आहे. ८ मे १९३० रोजी रूपाभवानी मंदिराजवळची, जिच्या रसाची दारू होते ती शिंदीची झाडे तोडायला गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि प्रकरण मार्शल लॉपर्यंत, म्हणजे लष्करी अंमलापर्यंत गेले. अलीकडे, २०२१ पासून, ग्रामीण पोलिसांच्या ‘ऑपरेशन परिवर्तन’ने तांड्यांवरच्या हातभट्ट्या बंद करून तिथल्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न केला. हे दोन्ही प्रयत्न मोलाचे आहेत. पण भट्टी विझली म्हणून पिणाऱ्याची तलफ विझत नाही. तिथून पुढचे काम आधारगटाचे.

गट शोधणे हाच या वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा आहे. सदस्यांची ओळख गुप्त ठेवायची असल्याने एए जाहिरात करत नाही, आणि मीटिंगची जागा बहुधा मागून घेतलेली असते: शाळेचा वर्ग, चर्चच्या आवारातली खोली, एखादे समाजमंदिर. अशा जागा बदलतात. म्हणून ऐकीव पत्त्यावर जाण्यापेक्षा एएच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करून ‘आज मीटिंग कुठे आहे?’ एवढेच विचारावे. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः त्यातून गेलेला असतो. केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि व्यसनमुक्ती केंद्रातही चौकशी करता येते.

दुसरी अडचण ओळखीची. पेठांमधून भावकी आणि पाहुणे पसरलेल्या शहरात ‘तिथे ओळखीचे कोणी भेटले तर?’ या भीतीने कितीतरी जण दारातून परत फिरतात. भेटलेला ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो, हे पहिल्या वेळी कोणीतरी शेजारी उभे राहून सांगावे लागते. यासाठी जुना सदस्य नवख्याला घेऊन जातो. खुल्या मीटिंगला नातेवाईकही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त दारूची अडचण असलेल्यांसाठी असते.

एक गोष्ट मीटिंगच्याही आधीची आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडू नये. हातपाय थरथरणे, फिट येणे, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन भान सुटणे, असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अशा वेळी आधी दवाखाना, मग मीटिंग.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. प्रास्ताविक वाचले जाते, मग एकेक जण उठून आपले नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे असे म्हणतो आणि बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्येच कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. पगार गुत्त्यावर गेला, पोराच्या फीचे पैसे गेले, हे घरी ऐकवले की भांडण होते. इथे तेच बोलणे समोरचा मान हलवत ऐकतो, कारण त्याने तेच केलेले असते. बोलायचे नसेल तर नुसते बसता येते. फी नाही, शेवटी ज्याला जमेल तो स्वेच्छेने पैसे टाकतो. सदस्यत्वाला दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख असला तरी त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो; देव न मानणारेही येतात. भर ‘फक्त आजचा दिवस’ यावर असतो, आणि नवख्याला सुरुवातीला रोज मीटिंग करायला सांगतात.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे आहेत. मनातले दुःख माणूस आईच्या भाषेत सांगतो, म्हणून कोणत्या गटात कोणती भाषा चालते हे फोनवरच विचारून घ्यावे. यंत्रमागावर पाळीने काम करणाऱ्याला वेळही बघावी लागते.

या पद्धतीचा उपयोग होतो का? वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एए व त्याकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. तरीही सर्वांना हा मार्ग मानवतो असे नाही. औषधे आणि समुपदेशन सोबत चालू ठेवण्यात काहीच वावगे नाही. स्लिप झालेल्यालाही, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलेल्यालाही, परत घेतात, हिशेब विचारत नाहीत.

घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईने नवरा सुधारेपर्यंत थांबायची गरज नाही. तो पीत असतानाही ती तिथे जाऊ शकते. पिणाऱ्या बायकांना मात्र पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाणे फार कठीण जाते, आणि त्यांची दखल अजून पुरेशी घेतली गेलेली नाही. त्यांना, तसेच अक्कलकोट, मोहोळकडच्या गावांतून रोज शहरात येणे न जमणाऱ्यांना, मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगा हा आजचा सोयीचा पर्याय आहे. तिथे कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकत बसले तरी चालते.