सामरिक संयम (भारताचे पाकिस्तानविषयक धोरण)

सामरिक संयम म्हणजे दहशतवादी हल्ल्याचे धागेदोरे सीमेपलीकडे पोहोचत असतानाही लष्करी प्रत्युत्तर टाळून राजनैतिक दबावावर भिस्त ठेवण्याचे धोरण. मे 1998 मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्यावर युद्धाची किंमतच बदलली. कारगिलमध्ये (1999) हवाई दलालाही नियंत्रण रेषा न ओलांडण्याचा आदेश होता. 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला झाला, तेव्हा ‘ऑपरेशन पराक्रम’खाली फौजा सुमारे दहा महिने सीमेवर उभ्या राहिल्या आणि युद्ध न होता परतल्या.

या धोरणाचा खरा कस मुंबईत लागला. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात 166 लोक मारले गेले. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर प्राण देऊन अजमल कसाबला धरून ठेवले. तो जिवंत हाती लागल्यामुळे पाकिस्तानला कानांवर हात ठेवणे अवघड झाले. हल्ल्याची ठिकाणेही बोलकी होती. कुलाब्यातील नरीमन हाउस या ज्यू केंद्राचा काश्मीरशी काडीचाही संबंध नव्हता. हल्ला घडवणाऱ्या लष्कर-ए-तैयबाचे वैर धर्माच्या नावाने चाललेले होते आणि ते सीमावादापुरते नव्हते, हे त्यातून दिसते. सीमावादावर वाटाघाटी करता येतात. अशा वैरावर कशाची देवघेव करणार?

तत्कालीन परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन सुरुवातीला लष्करी कारवाईच्या बाजूचे होते. सरकारचा संयमाचा निर्णयच बरोबर ठरला, असे त्यांनी पुढे लिहिले. हल्ला केला असता, तर पाकिस्तानी जनता लष्करामागे एकवटली असती आणि जगाने हे दोन शेजाऱ्यांचे नेहमीचे भांडण मानले असते, असा त्यांचा युक्तिवाद. संयमाला भित्रेपणा म्हणण्याची टूम पुढे निघाली, पण तो हिशेब करून घेतलेला निर्णय होता. त्याचे फळ मात्र अर्धेच मिळाले. संवाद थांबला, डिसेंबर 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईदवर निर्बंध लादले, देशात राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली. पण कटाच्या सूत्रधारांना पाकिस्तानात 26/11 साठी शिक्षा झाली नाही. जुलै 2009 मध्ये शर्म अल-शेखच्या भारत-पाकिस्तान संयुक्त निवेदनात बलुचिस्तानचा उल्लेख आला. तिथल्या अशांततेचा दोष पाकिस्तान भारताला देत असल्याने देशात टीकेची झोड उठली.

पालट 2016 मध्ये झाला. उरीच्या हल्ल्यानंतर 29 सप्टेंबरला भारताने नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई केली आणि ती जाहीरही केली. नवेपण या जाहीर करण्यात होते. पुलवामाच्या हल्ल्यानंतर 26 फेब्रुवारी 2019 रोजी हवाई दलाने बालाकोटवर हल्ला केला. बालाकोट नियंत्रण रेषेपलीकडेच नव्हे, तर खुद्द पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात आहे. राजनैतिक वाट सोडली गेली नव्हती: चीनने आडकाठी काढल्यावर 1 मे 2019 रोजी जैश-ए-महंमदचा प्रमुख मसूद अझहर याचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत आले.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये धर्म विचारून पर्यटकांवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि एकूण 26 जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते, त्यांपैकी तिघे डोंबिवलीचे. 7 मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये नऊ ठिकाणांवर हल्ले झाले आणि 10 मे रोजी लढाई थांबली. त्याआधीच, 23 एप्रिलला, भारताने सिंधू जलकरार स्थगित केला होता. 1960 चा हा करार 1965, 1971 आणि कारगिल या तिन्ही युद्धांतून टिकला होता.