सरावात मुलं इतकी का चुकतात?

आमच्याकडे बॅडमिंटन शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी, आणि मोठेपणी रॅकेट हाती घेणाऱ्यांसाठीही

पहिल्या महिन्यात पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात: "आधीच्या क्लासमध्ये हिची सर्व्हिस छान बसली होती, इथे आल्यापासून चुकायला लागली. असं का?" प्रश्न अगदी रास्त आहे. कोर्टाबाहेर बसून बघणाऱ्याला आमचा सराव विस्कळीत वाटतो. आम्ही तो मुद्दाम तसा घेतो. त्यामागचं कारण तुम्हाला प्रवेश घेण्याआधीच कळावं, म्हणून हे पत्रक.

शॉर्ट सर्व्हिसचंच बघा. नेटची वरची पट्टी मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. शटल त्या पट्टीला घासल्यासारखं जाऊन नेटपासून १.९८ मीटरवर असलेल्या रेषेच्या जेमतेम पलीकडे पडायला हवं. थोडं उंच गेलं की समोरचा झडप घालतो. आता हीच सर्व्हिस लागोपाठ पन्नास वेळा करायला सांगितली, तर काही वेळानं ती सुरेख पडू लागते. मुलाला बरं वाटतं, तुम्हाला बरं वाटतं, शिकवणाऱ्यालाही. पण जोर किती, रॅकेटचा कोन कसा, हे मुलानं सुरुवातीलाच ठरवलेलं असतं. पुढे तोच हात नुसता चालू राहतो. सामन्यात एका पॉइंटला सर्व्हिस एकदाच करायची असते. तिच्या आधी लांबलचक रॅली झालेली असते, दम लागलेला असतो. तिथे हात नव्यानं जमवावा लागतो, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो.

म्हणून आम्ही शॉर्ट, लाँग (उंच, मागच्या रेषेपर्यंत जाणारी) आणि ड्राइव्ह (सपाट, वेगानं जाणारी) सर्व्हिस आलटूनपालटून घेतो, कधी डाव्या कोर्टातून, कधी उजव्या. यात चुका वाढतात, हे आम्ही लपवत नाही. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी पुढे होते. काही दिवसांनी परत परीक्षा घेतली, तेव्हा सरमिसळ सराव करणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांनी तेच बॅडमिंटनच्या या तीन सर्व्हिसवर करून पाहिलं. सरमिसळ सराव केलेल्या नवख्या खेळाडूंच्या सर्व्हिस नंतर जास्त टिकल्या, आणि कधी सराव न केलेल्या बाजूच्या कोर्टातूनही त्यांनाच जास्त जमल्या.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रयोगशाळेत हा फरक जितका ठळक दिसतो, तितका मैदानावर दिसत नाही. लहान मुलांमध्ये तर आणखी कमी. ज्याला फटका कसा असतो हेच अजून उमगलेलं नाही, त्याला सरमिसळ करून गोंधळात टाकण्यात अर्थ नाही. त्यामुळे अगदी नव्या मुलांना आम्ही आधी एकेक फटका पुरेसा घोटू देतो, आणि हाताला अंदाज आला की मगच मिसळायला घेतो.

दुसरी तक्रार असते ती "सर काही बोलतच नाहीत" ही. प्रत्येक फटक्यानंतर चूक सांगितली की मूल लगेच सुधारतं, पण त्याला सांगणाऱ्याची सवय लागते. सांगणारा बाजूला झाला की घडी विस्कटते. म्हणून आमचे प्रशिक्षक तीन-चार शटल गप्प राहतात आणि मग विचारतात, "आत्ताचं कुठे पडलं? तिथेच का पडलं?" उत्तर द्यायला मुलं सुरुवातीला अडखळतात. पण स्वतःच्या हातात काय घडलं हे त्यांना त्यातूनच कळू लागतं.

आणि बोलतो तेव्हा काय बोलतो, याचाही आम्ही विचार करतो. एका मुलीचं क्लिअर, म्हणजे शटल उंच उडवून कोर्टाच्या मागच्या टोकाला पाठवायचा फटका, काही केल्या मागच्या रेषेपर्यंत जाईना. "कोपर वर, खांदा वळव, मनगट सैल" असं आम्हीच तिला सांगत होतो, आणि ती दर फटक्याला जास्तच आखडत होती. शेवटी तिला एवढंच सांगितलं: "छताच्या त्या दुसऱ्या तुळईवरून शटल जाऊ दे." चौथ्या-पाचव्या शटलला कोपर आपोआप वर आलं. लक्ष अंगावर न ठेवता अंगाबाहेरच्या परिणामावर ठेवलं की हालचाल मोकळी होते, हे गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून अनेक प्रयोगांत दाखवलं आहे. म्हणून कोर्टाबाहेरून "मनगट, मनगट!" असं ओरडू नका, ही तुम्हाला कळकळीची विनंती. तुमची तळमळ आम्हाला समजते. पण त्या हाकेनं मुलाचं लक्ष शटलवरून उडून मनगटावर जातं, आणि तो फटका वाया जातो.

रविवारी सलग तीन तास घ्याल का, असंही विचारलं जातं. त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस एकेक तास या. १९७८ मध्ये बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना हे पाहिलं: रोज एकच तास शिकणाऱ्यांना तो कळफलक एकूण कमी तासांत आला, रोज चार तास बसणाऱ्यांना जास्त तास लागले. तरीही आपल्या शिकवणीवर सर्वांत नाराज होते ते रोज एक तास शिकणारेच! दिवसांच्या हिशेबानं ते मागे होते ना.

मग प्रगती मोजायची कशी? सरावाच्या शेवटी पडलेल्या सुंदर फटक्यांवरून आम्ही ती मोजत नाही. दर सोमवारी मूल कोर्टवर आलं की हात गरम होण्याआधी, कोणतीही सूचना न देता, त्याला दहा सर्व्हिस करायला लावतो. दहापैकी किती नीट पडल्या ते त्याच्या वहीत लिहितो. ती वही कपाटात असते. कधीही मागून घ्या.