फेसलेली मोहरी पेशीला काय सांगते?

मोहरीचा दाणा तसाच गिळला तर काही जाणवत नाही. फोडणीत तडतडला की खमंग होतो, पण झोंबत नाही. तीच मोहरी थोडं पाणी घालून फेसायला घ्या, बघता बघता नाकात अशी चढते की डोळ्यांतून पाणी येतं. हा झणका दाण्यात आधीपासून नसतोच, तो फेसताना तयार होतो.

दाण्यात सिनिग्रिन नावाचं संयुग आणि मायरोसिनेज हे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. अळीने पान कुरतडलं किंवा आपण दाणे वाटले की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि झोंबणारं आयसोथायोसायनेट बनतं. झाडाने हे अळीला हाकलायला केलेलं आहे, आपल्या कोशिंबिरीसाठी नव्हे. कोबी, मुळा, फ्लॉवर, ब्रोकोली ही सगळी याच भावकीतली. ब्रोकोलीतलं असंच एक संयुग म्हणजे सल्फोराफेन. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टालाले यांच्या गटाने ते वेगळं काढलं. पेशीतली विषं निकामी करणारी एन्झाइम त्यामुळे वाढतात, हेही त्यांना दिसलं.

पेशीला हे संरक्षण लागतं कशाला? आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जा बनवणाऱ्या भागांमध्ये, इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनकडे पोचतात आणि त्यातून ऊर्जा मिळते. मधेच एखादा इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनला चिकटला की सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल), म्हणजे आसपासच्या रेणूंना पटकन भिडणारं रूप, तयार होतं. अशा मूलकांचा आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रेणूंचा साठा आवरेनासा झाला, की पेशीची आवरणं, प्रथिनं, डीएनए यांना इजा होते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. पण पेशी काही हातावर हात ठेवून बसलेली नसते. सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम आपल्यातच आहे, हे मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या संशोधकांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं.

जाहिरातींत मात्र वेगळंच चित्र असतं: फळांतले अँटिऑक्सिडंट पोटात गेले, रक्तात उतरले आणि त्यांनी मूलकं टिपून काढली. हिशेब मांडला तर हे पटत नाही. पेशीत ग्लुटाथायोन हा तिचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट ज्या प्रमाणात असतो, त्याच्या जेमतेम हजारावा भाग, बहुतेकदा त्याहूनही कमी, इतकीच पॉलिफेनॉल, म्हणजे फळाभाज्यांतली अँटिऑक्सिडंट म्हणून गाजवली जाणारी संयुगं, रक्तात पोचतात. शरीर त्यांना परकं समजतं आणि यकृत त्यांचं रूप पालटून बाहेरची वाट दाखवतं. परीक्षानळीत मोजलेल्या ‘अँटिऑक्सिडंट क्षमते’चे पदार्थवार आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले, ते बरंच झालं.

सल्फोराफेनची तऱ्हा निराळी. ते स्वतः मूलकं टिपत नाही. उलट पेशीला ते थोडं बोचतंच. पेशीत कीप-१ नावाचं एक प्रथिन पहाऱ्याला असतं. ते एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि थोड्याच वेळात मोडीत काढायला लावतं. कीप-१ वर गंधक असलेली काही ठिकाणं आहेत. सल्फोराफेन नेमकं तिथे जाऊन चिकटतं आणि पकड निसटते. वाचलेलं एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं आणि शंभरहून अधिक जनुकं जागी करतं. मग ग्लुटाथायोन बनवणारी, विषं बांधून बाहेर घालवणारी एन्झाइम तयार होऊ लागतात. सल्फोराफेन काही तासांत शरीराबाहेर जातं, एन्झाइम मात्र त्यानंतरही काम करत राहतात. चोर आलाच नाही, नुसती कडी वाजली आणि घर जागं झालं, असा हा प्रकार.

चीनमधल्या जिआंगसू प्रांतातल्या चिदोंग भागात याची माणसांवर चाचणी झाली. तिथे तेव्हा हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न मोठा होता. २९१ जणांपैकी काहींना १२ आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय दिलं, बाकीच्यांना त्याच्याशिवायचं. पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेन्झीन या हवेतल्या विषारी प्रदूषकाचं निकामी केलेलं रूप ६१ टक्के जास्त बाहेर पडलं. त्यांचा आजार टळला, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

गोळ्यांचा इतिहास तर सावध करणाराच आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. एनआरएफ-२ चंही जास्त कौतुक नको. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप-१ बिघडलेलं असतं, एनआरएफ-२ कायमचं मोकाट सुटतं आणि त्या संरक्षणाचा फायदा गाठीलाच होतो.

राहिला स्वयंपाक. भाजी फार शिजवली की मायरोसिनेज मरतं आणि सल्फोराफेन फारसं तयार होत नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी १२ निरोगी माणसांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली खायला दिली, एकदा नुसती आणि एकदा वरून एक ग्रॅम मोहरीची पूड घालून. पूड घातली तेव्हा सल्फोराफेनचा अंश लघवीत चारपटीहून जास्त मिळाला, कारण ब्रोकोलीत मेलेलं एन्झाइम मोहरीने पुरवलं. मोहरी कच्चीच हवी, हे ओघाने आलं. फोडणीत तडतडलेली इथे उपयोगाची नाही.