मिक्सला गाणं आणताय? आधी सिंथचे ट्रॅक बाउन्स करून आणा

गणपती जवळ आले की आमच्या विश्रामबागच्या स्टुडिओत पेन ड्राइव्ह घेऊन गर्दी सुरू होते आणि बऱ्याच जणांच्या पेन ड्राइव्हमध्ये नुसता प्रोजेक्ट (गाण्याच्या सॉफ्टवेअरची फाईल) असतो, तो आमच्या कॉम्प्युटरवर उघडला की सिंथच (कॉम्प्युटरमधलं आवाज तयार करणारं वाद्य) गायब, मग फोनाफोनी आणि अर्धा दिवस वाया. म्हणून सांगतो, सॉफ्टवेअर सिंथचा प्रत्येक ट्रॅक घरीच बाउन्स करून, म्हणजे वेव्ह ऑडिओ फाईल करून आणा.

आमच्याकडे तोच सिंथ असला तरी तुमचा प्रीसेट (आवाजाची जपून ठेवलेली सेटिंग) नसतो, आणि प्रीसेट असला तरी आवाज तोच येईल असं नाही बघा. बऱ्याच सिंथमध्ये ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग) दर सुराला वेगळ्या फेजवर, म्हणजे लहरीच्या वेगळ्या जागेवरून सुरू होतो, एलएफओ (आवाज हळूहळू हलवणारा भाग) आपल्या मनानं फिरत असतो, त्यामुळे तीच मिडी (कुठला सूर कधी वाजायचा त्याची नोंद) दोनदा वाजवली तर बेस एकदा भरीव लागतो, एकदा पोकळ. दोन-तीनदा बाउन्स करा, कानाला बरा वाटेल तो ठेवा. मिरजेत तंबोरा घेतला तर जवारी (तारांचा झंकार) कारागीरच लावून देतो की, तसा सिंथचा आवाज तुम्हीच पक्का करून द्या.

सगळ्या फाईल पहिल्या बारपासून सुरू करा, सिंथ दुसऱ्या कडव्यात येत असला तरी, नाहीतर कुठलं कुठं बसवायचं तेच कळत नाही. शेवटी रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपटी तुटू देऊ नका, एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'लीव्ह रिमेंडर' असतं. 24 बिट वेव्ह, सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच, 44.1 किलोहर्ट्झचं 96 करून आवाज सुधारत नाही. पीक उणे 6 डीबीच्या आसपास, मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा) बंद. एमपीथ्री फक्त रफ मिक्सची, ती मात्र आणाच.

साइडचेन (किक ड्रम वाजला की सिंथ दबतो ते) लावलं असेल तर जपून, ट्रॅक सोलो करून बाउन्स केला आणि किक बंद पडली तर पंपिंग पण गेलं. रिव्हर्ब-डिले आवाजाचाच भाग असेल तर ठेवा, नुसता शोभेला असेल तर काढा, ठरत नसेल तर दोन्ही फाईल द्या. बेस शक्यतो मोनो.

आणि बाउन्स झालेलं पूर्ण ऐका! एका मंडळाच्या गाण्यात डेमो (विकत न घेतलेला) सिंथ मधेच खरखर करत होता, ते आमच्याकडे आल्यावर कळलं, तेही रात्री अकराला.

सोबत मिडी आणि टेम्पो पाठवा. फाईलला 'ऑडिओ 17' नको, 'लीड धून', 'बेस' असं साधं नाव द्या.