महाबळेश्वर परिसरातील मधमाशापालन

सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित व निमसदाहरित रानांच्या आधाराने चालणारा जोडधंदा. येथे पाळली जाते ती प्रामुख्याने सातेरी माशी. ती मूळची ढोलीत, अंधारात समांतर पोळी बांधणारी. त्यामुळे लाकडी पेटीत रुळते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, ती पेटीत राहत नाही.

जुन्या रीतीत धूर करून पोळे कापत आणि पिळून मध काढत. त्यात अंडी-अळ्याही चिरडत. पेटीत मधाच्या चौकटी वेगळ्या निघतात. मेणाची झाकणे सुरीने तासून चौकट मधयंत्रात फिरवली की मध निथळतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत मिळते.

मधपाळाचे सारे गणित रानातल्या फुलोऱ्यावर असते: उन्हाळ्यात जांभूळ व हिरडा, आणि सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलणारी कारवी हे झुडूप. कारवी फुलून बी धरल्यावर मरते. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींना वापरतात. पण फुलण्याआधीच तोडली तर मधही गेला आणि पुढच्या पिढीचे बीही. झाड उभे ठेवण्यातला फायदा मधपाळाला इतका रोकडा दिसतो. रानालाही माशीची गरज असते, कारण जांभळासारख्या झाडांचे परागीभवन ती करते.

परागसंकलनाचे, म्हणजे माश्यांनी आणलेला पराग विक्रीसाठी काढून घेण्याचे, मात्र जपून. मागच्या पायांवर पिवळे गोळे घेऊन आलेली माशी पेटीच्या दारावरच्या बारीक भोकांच्या जाळीतून आत शिरताना गोळे खालच्या खणात गळतात. ते ओले असल्याने लवकर बुरसतात. म्हणून रोज काढून वाळवावे लागतात. पराग हे अळ्यांच्या वाढीसाठी लागणारे प्रथिन आहे. जाळी कायम ठेवली तर पिलावा (पोळ्यातली अंडी-अळ्यांची वाढती पिढी) रोडावतो, आणि उपासमार झाली की सातेरी सरळ पेटी सोडून जाते. फुलोरा ऐन भरात असताना थोडे दिवस जाळी लावणे ठीक. एरवी या माशीकडून परागाचा धंदा करण्याचा मोह टाळलेलाच बरा. पावसाळ्यात तर तिलाच साखरेचा पाक पाजावा लागतो.

राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. याच तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.